फवारा उचलण्याआधी कपाशीतले किडे मोजा: शत्रू किती, मित्र किती?

पोळा जवळ आला की मोबाइलवर रोज एखादा तरी फोटो येतोच. कपाशीचं पान, त्यावर काळसर अंगाचा, नारिंगी ठिपक्यांचा, मगरीच्या पिल्लासारखा लांबुळका किडा. खाली विचारणा: ‘दादा, हा नवीनच निघालाय. कोणतं औषध मारू?’ ती ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी असते. मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, हे तिचं जेवण. मी उत्तर लिहीपर्यंत निम्म्या वेळा पंप भरून झालेला असतो.

मीही त्यातूनच शिकलो. परभणीकडच्या आमच्या वावरात एका हंगामात मावा दिसला म्हणून पंधरा दिवसांत दोन फवारे मारले. तिसऱ्या आठवड्यात मावा पहिल्यापेक्षा जास्त! औषध बनावट असेल म्हणून मी दुकानदाराशी भांडलो. औषध खरं होतं, चुकला होता माझा हिशोब. माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती थेट जिवंत पिल्लं टाकते आणि ते पिल्लू साधारण आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं टाकायला लागतं. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. फवाऱ्यात दोघंही मरतात, पण वाचलेला किंवा शेजारून उडून आलेला मावा लगेच पुन्हा वाढतो आणि त्याला खाणारा महिनाभर मागे पडतो. त्या महिन्यात रान माव्याचंच.

म्हणून आधी मोजणी, मग निर्णय. खालचे टप्पे कपाशीसाठी आहेत. पान उलटून पाहण्याची पद्धत तुरीला आणि सोयाबीनलाही चालते, फक्त किडी आणि त्यांचे आकडे बदलतात.

## टप्पा १: तयारी

लागणारं सामान थोडंच आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, पेन्सिल (दवाने शाई फुटते), दोन-तीन पारदर्शक बरण्या, तोंडाला बांधायला मलमलचा तुकडा आणि रबर. भिंग नसेल तर मोबाइलने पानाचा जवळून फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून बघा, बऱ्यापैकी काम भागतं.

वहीत आधीच रकाने पाडून ठेवा. डावीकडे शत्रू: मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. उजवीकडे मित्र: ढालकिडा (अळी आणि प्रौढ वेगवेगळे), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट किडा), सिरफिड माशीची अळी, कोळी, आणि ‘फुगलेला मावा’. हा शेवटचा रकाना काय आहे ते पुढे सांगतो. वर तारीख, पीक किती दिवसांचं, गेल्या आठवड्यात पाऊस पडला का, युरिया कधी टाकला आणि शेवटचा फवारा कोणता, हे लिहा.

पाऊस आणि युरिया कशाला, असं वाटेल. जोराचा पाऊस मावा धुऊन नेतो, लांबलेली उघडीप फुलकिड्यांना मानवते. जास्त युरिया दिलेल्या कपाशीचं पान कोवळं, रसरशीत राहतं आणि मावा-तुडतुडे त्यावरच तुटून पडतात. ह्या नोंदी नसतील तर आकडा का वाढला हे कळत नाही, आणि मग सगळा दोष औषधावर जातो.

वेळ: सकाळी, ऊन चढण्याआधी. दुपारी कोळी सावलीला जातात, उडणारे किडे चपळ होतात आणि मोजणारा कंटाळतो.

## टप्पा २: आधी बांधावरून चक्कर

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. आपल्याकडे बांध तणनाशकाने भाजून काढलेला दिसला की ‘काय देखणं रान ठेवलंय’ म्हणतात. मला ते कौतुक कधी पटलं नाही. सिरफिड माशी अळीपणी मावा खाते, पण मोठी झाल्यावर तिला फुलातला मध आणि पराग लागतो. क्रायसोपाच्या प्रौढांचं पोटही बहुतेक त्यावरच चालतं. जुलैत कपाशीला फुलं नसतात. मग ते जगणार कशावर? बांधावरची एकदांडी, एखादी झेंडूची ओळ, कडेला पेरलेली चवळी ह्यांवर.

चवळीचं काम तर दुहेरी आहे. तिच्यावर मावा लवकर येतो, त्याच्यामागे ढालकिडे येतात आणि तिथेच त्यांची वीण होते. कपाशीवर मावा चढेपर्यंत त्याला खाणारे शेजारी तयार असतात. चवळीवरच्या ह्या माव्यावर औषध मारलंत तर कपाशीचे राखणदारच गेले समजा.

सगळंच तण राखायचं असंही नाही. गाजरगवत आणि पेटारी ह्यांवर पिठ्या ढेकूण मुक्काम करतो, ती दोन्ही उपटा. पिठ्या लागलेली झाडं ओढत रानातून नेऊ नका, पोत्यात भरून बाहेर काढून जाळा.

## टप्पा ३: वीस झाडं, पाच जागा

एका एकरात पाच जागा ठरवा: चार कोपऱ्यांकडच्या चार आणि मधली एक. बांधालगतच्या दोन-तीन ओळी सोडा, कारण कडेला किडी नेहमी जास्त असतात. प्रत्येक जागी चार झाडं घ्या, म्हणजे झाली वीस. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान, म्हणजे साठ पानं.

झाडं डोळ्यांनी निवडू नका. आजारी दिसणाऱ्या झाडाकडे पाय आपोआप वळतात आणि आकडा फुगतो. त्या जागी पोचल्यावर ठरलेली दहा पावलं टाका आणि उजव्या हाताला येईल ते झाड घ्या, मग ते चांगलं असो की वाईट.

खात्री करा: वहीत साठ पानांची नोंद आहे का? ‘पंचवीस पानं पाहिली, अंदाज आला’ ही मोजणी नव्हे.

## टप्पा ४: पान उलटा, पण हळूच

झाडाला हात लावण्याआधी दोन पावलं लांबून बघा. पांढरी माशी धक्का लागताच उडते, तिचा आकडा आधी घ्यावा लागतो. मग देठाला धरून पान सावकाश उलटा.

तुडतुडे पाचरीसारखे, फिकट हिरवे, आणि चालतात तिरके. त्यांनी रस शोषला की पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लालसर होऊन खाली वळतात. फुलकिडे पेन्सिलच्या बारीक रेघेएवढे, शिरांच्या बाजूला. त्यांनी खरवडलेला भाग चंदेरी चमकतो. मावा शेंड्याकडच्या कोवळ्या पानाखाली दाटीने बसतो, आणि खालच्या पानांवर चिकटा पडला असेल तर वर मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या आहे का ते बघा.

झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर थांबा आणि पाच मिनिटं बघत राहा. माव्याच्या शेपटाकडून गोड थेंब बाहेर येतो, तो मुंगी पिते. त्या बदल्यात ढालकिडा जवळ आला की त्याला हुसकावते. मुंग्या असलेल्या झाडावर मित्र कमी का, ह्याचं उत्तर त्या पाच मिनिटांत मिळतं. अशा झाडाच्या नोंदीपुढे ‘मुं’ असं लिहून ठेवा.

आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यावर कीड गेली की फवाऱ्याचा खर्च परवडतो ती, कपाशीसाठी अशी धरतात: मावा पानाला सरासरी १०, तुडतुडे २ ते ३, फुलकिडे १०, पांढरी माशी ८ ते १० प्रौढ. हे आकडे सरासरीचे आहेत. एका पानावर चाळीस मावे दिसले म्हणून पातळी ओलांडली असं होत नाही. साठ पानांची बेरीज भागिले साठ, मगच बोला.

## टप्पा ५: मित्र ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मित्र ओळखायला अवघड, कारण त्यांतले अर्धे बालपणी अगदी शत्रूसारखे दिसतात.

ढालकिडा. प्रौढ सगळ्यांना माहीत असतो: नारिंगी-लाल, गोल, पाठीवर काळ्या खुणा. त्याची अंडी पिवळी, लांबट, पानाखाली उभी रचून ठेवल्यासारखी असतात. ती किडीची समजून चिरडली जातात. अळीचं वर्णन सुरुवातीला केलंच आहे. ती माव्याच्या घोळक्यात शिरलेली पाहा: एक मावा पुढच्या पायांनी धरते, शोषते, रिकामं कातडं टाकते, पुढचा धरते. कोषात गेलेला ढालकिडा पानाला चिकटलेल्या नारिंगी गाठीसारखा दिसतो आणि बोट लावलं की झटकन वर उचलला जातो.

क्रायसोपा. केसासारख्या बारीक दांडीच्या टोकावर एकेक अंडं. मला ते पहिल्यांदा बुरशीचं काहीतरी वाटलं होतं. अळी भुरकट, तोंडाला विळ्यासारखे दोन दात.

सिरफिड माशीची अळी. बिनपायाची, फिकट हिरवी, गोगलगाईसारखी लिबलिबीत. बोंडअळी समजून सर्रास मारतात. खूण सोपी आहे: बोंडअळीला पाय असतात आणि ती पात्यांत (कळ्यांत) आणि फुलांत सापडते, ही माव्याच्या मधोमध सापडते.

कोळी. इथे आपल्या भाषेनेच घोळ घातलाय. जाळं विणणारा किंवा पानावर उड्या मारणारा आठ पायांचा कोळी मित्र. ‘लाल कोळी’ म्हणतात तो मात्र टाचणीच्या टोकाहून लहान, पानाखाली ठिपक्यासारखा, रस शोषणारा. तो शत्रू. वहीत दोन्ही ‘कोळी’ म्हणून लिहिले तर हिशोब उलटा होईल.

पिठ्यासारखाच दिसणारा मित्र. काही ढालकिड्यांच्या अळ्या अंगावर पांढरं मेण घेऊन फिरतात आणि पिठ्या ढेकूणच खातात. काडीने हलकेच ढोसा. पिठ्या जागचा फारसा हलत नाही, ही अळी तुरुतुरु पळते.

आणि फुगलेला मावा. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. हिरव्या माव्यांच्या गर्दीत एखादा मावा तपकिरी, टणक, मण्यासारखा फुगलेला दिसतो. भिंगातून पाठीवर सुबक गोल भोक दिसलं तर समजा, आतून गांधीलमाशीची एक अगदी चिमुकली जात बाहेर पडलीय. तिने माव्याच्या अंगात अंडं घातलं, अळीने मावा आतून खाल्ला आणि त्याच्याच कातड्याचा कोष केला. भोक नसेल तर ती अजून आत आहे. हे फुगलेले मावे शत्रूच्या रकान्यात धरू नका. ते मेलेले आहेत, आणि प्रत्येकातून पुढच्या माव्यांची एकेक वैरीण निघालीय किंवा निघणार आहे.

मित्र मोजताना तीन पानं पुरत नाहीत. ते कमी असतात आणि फिरते असतात, म्हणून पूर्ण झाड पाहा. अंडी वेगळी लिहा. आज ती काही खात नाहीत, पण पुढच्या आठवड्यात खातील.

## टप्पा ६: बरणीत घालून बघा

हे एकदा केलं की मित्रकीटक आहेत का, हा वाद घरात तरी संपतो. आमचे चुलते पन्नास वर्षं कापूस करतात. ‘किडा तो किडा, त्यात मित्र कुठला आलाय?’ असं म्हणायचे. मग मी ढालकिड्याची अळी आणि मावा एका बरणीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच बरणी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, ‘आता हिला परत सोडून ये.’

दोन बरण्या घ्या. दोन्हींत मावा असलेलं ताजं पान, देठाला ओला कापूस. मावे मोजून तीसच्या आसपास ठेवा. एका बरणीत ढालकिड्याची मोठी अळी सोडा, दुसरीत काही नाही. तोंडाला मलमल बांधा आणि घरात सावलीत ठेवा. चोवीस तासांनी दोन्हींतले जिवंत मावे मोजा.

दुसरी बरणी गाळू नका. तोडलेल्या पानावर काही मावे आपोआपही मरतात, काही नवी पिल्लंही टाकतात. अळीने किती खाल्ले ते दोन बरण्यांमधल्या फरकावरूनच कळतं.

किडा नेमका कोणत्या बाजूचा हे ठरत नसेल तेव्हाही हीच युक्ती. एका बरणीत नुसतं पान द्या, दुसरीत मावा. तो काय खातो त्यावरून त्याचा रकाना ठरवा.

## टप्पा ७: हिशोब

समजा साठ पानांवर मावा ३३०, तुडतुडे ९०. म्हणजे पानाला मावा साडेपाच, तुडतुडे दीड. दोन्ही पातळीच्या खाली. वीस झाडांवर ढालकिड्याच्या अळ्या १४, प्रौढ ६, क्रायसोपाची अंडी २०, कोळी १६, फुगलेले मावे ३०. मित्र कामाला लागले आहेत. औषध नको.

‘दोन शत्रूंमागे एक मित्र असेल तर फवारू नका’ असा ठोकताळा शेतीशाळेत शिकवतात. ठोकताळा उपयोगाचा आहे, पण चुकीचा लावला जातो. वरच्या आकड्यांत ३३० भागिले ३६ (अळ्या, प्रौढ आणि कोळी मिळून) केलं तर ते चूक, कारण मावा पानांवरचा आणि मित्र अख्ख्या झाडांवरचे. भागाकार करायचाच तर दोन्ही एकाच मापात हवेत. शिवाय माव्याच्या बाबतीत एक अळी दोनावर थांबत नाही, हे बरणीने दाखवलंच आहे. म्हणून मी एका दिवसाच्या प्रमाणापेक्षा दोन आठवड्यांचा कल जास्त मानतो. शत्रू वाढताहेत आणि मित्रही वाढताहेत, तर थांबायला जागा आहे. शत्रू वाढताहेत आणि मित्र जागेवरच, तर नाही.

## टप्पा ८: निर्णय

पातळीच्या खाली: काहीच करू नका. सात दिवसांनी पुन्हा मोजा. हातात पंप असताना काही न करणं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे.

पातळीच्या जवळ, मित्र भरपूर: तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजा. हात शिवशिवतच असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी कापडातून गाळा, २०० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घाला, एकूण पाणी १०० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. उरलेला अर्क उद्यासाठी ठेवू नका.

पातळीच्या वर, मित्र तुरळक: कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं एकच औषध, सांगितलेल्या मात्रेत. दोन-तीन बाटल्यांचं कालवण करू नका. हंगामाच्या सुरुवातीला सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध टाळा, त्याने मित्र मरतात आणि मागून पांढरी माशी उसळते. प्रादुर्भाव एका कोपऱ्यातच असेल तर तेवढाच कोपरा फवारा.

तुडतुड्यांच्या बाबतीत मात्र फार वाट बघू नका. त्यांच्यावर माव्याइतके मित्र तुटून पडत नाहीत, म्हणून पानाला २-३ झाले की हालचाल करा. लव असलेल्या पानाच्या वाणावर तुडतुडे कमी बसतात, पण तीच लव पांढऱ्या माशीला मानवते. वाण बदललात तर मोजणीत कुठे जास्त लक्ष द्यायचं तेही बदलतं.

सावधान: डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण औषध आपल्याला किती विषारी ते सांगतो. हिरवा त्रिकोण म्हणजे ढालकिड्याला धोका नाही, असा त्याचा अर्थ नाही.

ट्रायकोकार्ड (किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या चिमुकल्या मित्रकीटकांचं कार्ड) लावणार असाल तर त्यातून निघणारे कीटक फवाऱ्याने आधी मरतात, हे लक्षात ठेवा. फवारणी आणि कार्ड एकाच आठवड्यात नको. कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. वर लावलं तर त्यावर थेट ऊन-पाऊस पडतो.

## टप्पा ९: गुलाबी बोंडअळीचा हिशोब वेगळा

इथे मित्रांवर विसंबून राहता येत नाही. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पातीत किंवा बोंडात शिरते, आणि आत ढालकिडा पोचत नाही. म्हणून नजर पतंगावर ठेवायची. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग ओढणारे), पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर. पीक वाढलं की सापळाही वर घ्या, नाहीतर तो पानांत बुडतो आणि ‘पतंगच नाहीत’ असं समाधान मिळतं. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय सुरू करा. गोळी गुलाबी बोंडअळीचीच आहे ना, ते पाकिटावर वाचा. हिरव्या बोंडअळीच्या गोळीला गुलाबीचे पतंग येत नाहीत.

फुलं लागली की डोमकळ्या शोधा: पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. दिसेल ती तोडून नष्ट करा. पुढे दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. दोनांत अळी निघाली तर ते १० टक्के झालं, थांबायची वेळ गेली. बोंड बाहेरून चांगलं दिसलं म्हणून फोडायचं टाळू नका. आत शिरल्याचं भोक बुजलेलं असतं.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेलं पीक, घेऊ नका. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, आणि जानेवारीनंतर उभं राहिलेलं पीक म्हणजे तिला वाढून ठेवलेलं ताट. डिसेंबरअखेर वेचणी उरका, पऱ्हाट्या उपटा, बांधावर त्यांचा ढीग लावू नका. उरलेली किडकी बोंडं खायला शेळ्या-मेंढ्या सोडता येतात. मात्र कळप रानात घालण्याआधी शेवटचा फवारा कधी आणि कशाचा मारला होता, ते वहीत पाहून मेंढपाळाला सांगा.